खाडीत गरवताना: स्विव्हल आणि स्नॅप पारखून कसे घ्यावेत

मासा सुटला आणि लाइन सैल पडली की नवा गळ बांधायची घाई करू नका. आधी तुटलेलं टोक बघा. ते स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर गाठ घसरली. सुरीने कापल्यासारखं सरळ असेल तर माशाच्या दातांनी किंवा स्विव्हलच्या (लाइनला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या जोडाच्या) कडीवरच्या धारेने लाइन कापली. खरखरीत आणि पांढुरकं असेल तर ती जेटीच्या खांबावरच्या कालवांच्या शिंपल्यांना घासली. आणि गाठ शाबूत राहून तिच्यात उघडी पडलेली कडी किंवा ताणून सरळ झालेला स्नॅप (उघड-बंद होणारा तारेचा आकडा) परत आला, तर चूक गरवताना झालेली नाही, खरेदी करताना झाली आहे.

ठाणे खाडी, उल्हासचं कोलशेतपासून गायमुख-घोडबंदरपर्यंतचं पात्र, पनवेल खाडी, या सगळ्या पाण्यात या दोन चिमुकल्या वस्तूंची कसोटी जास्त कडक लागते. पाणी खारं, त्यात पिठासारखा बारीक गाळ, वर भरती-ओहोटीची ओढ. मासेही तसेच. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, वाम दोर वळावा तशी स्वतःभोवती गरगरते, आणि पाकट चिखलाला चिकटून धोंड्यासारखा बसतो. झटका, पीळ आणि हलता न हलणारा ताण, तिन्ही एकाच दिवशी सोसावे लागतात.

स्विव्हलचं काम एकच: खालचा भाग फिरला तरी पीळ वरच्या लाइनमध्ये चढू द्यायचा नाही. स्नॅपचंही एकच: गाठ न कापता शिसं (लाइनला लावायचं वजन) किंवा ल्यूर (नकली आमिष) बदलता यावं. मजबुती वाढवणं हे दोघांचंही काम नाही. उलट प्रत्येक जोड म्हणजे तुटण्याची आणखी एक जागा. म्हणून जिथे फिरण्याची किंवा बदलण्याची गरज नाही, तिथे काहीच बांधू नका.

स्विव्हल: पिंप, रोलिंग की बॉल बेअरिंग

सगळ्यात स्वस्त मिळतो तो बॅरल स्विव्हल. पिंपासारखं पोट आणि दोन्हीकडे तारेच्या कड्या. जवळून पाहिलं तर कडीच्या तारेचं टोक तिच्याच मुळाशी गुंडाळलेलं दिसतं. ताण आला की हा गुंडाळा उकलू लागतो, आणि तारेचं टोक नखाला लागावं इतकं बाहेर येतं. लाइन कापणारी धार बहुतेक वेळा हीच. शिवाय वजन पडलं की आतली तार पोटाच्या तोंडाशी घासून अडते, त्यामुळे हातात गरगर फिरणारा बॅरल पाण्यात दोन-तीन किलो ताणावरच थांबतो. लहान बोय किंवा ढोम्यासाठी चालेल. त्यापुढे भरवसा ठेवू नये.

रोलिंग स्विव्हलची कडी गुळगुळीत, पोट लांबट आणि बंद असतं. कडीचं मूळ आत ठोकून गोल केलेलं असतं, त्यामुळे उकलायला सुटं टोकच नसतं. तेवढ्याच आकारात तो बॅरलपेक्षा जास्त ताण घेतो आणि ताणाखालीही बऱ्यापैकी फिरतो. खाडीत तळाला गरवणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा.

बॉल बेअरिंगमध्ये आत खरे छर्रे असतात, त्यामुळे जड ओढीखालीही तो हलका फिरतो. स्पिनर किंवा चमच्यासारखी फिरणारी ल्यूर ओढताना त्याला तोड नाही. पण गढूळ तळावर तासनतास पडून राहिला तर गाळ छर्ऱ्यांत शिरतो, वाळला की घट्ट बसतो, आणि महागडा स्विव्हल साध्यापेक्षाही वाईट होतो. तळाच्या गरवणीत त्याच्यावर पैसे घालवू नयेत. ल्यूरसाठी घेतलात तर दोन्ही कड्या जोडकाम केलेल्या, फट नसलेल्या आहेत का ते बघा.

तीन कड्यांचा स्विव्हल वेगळ्या कामाचा, त्याचं पुढे येईल.

पुडीवरचा आकडा

आकारांचे नंबर उलटे चालतात: १२, १०, ८, ६, ४, २, १ असे उतरताना स्विव्हल मोठा होत जातो, आणि १ नंतर १/०, २/०, ३/० असा चढत आणखी मोठा. या नंबरांना सगळ्या कारखान्यांत एक माप नाही. एकाचा ८ नंबर दुसऱ्याच्या ६ एवढा निघतो, आणि एकाच नंबरच्या बॅरल, रोलिंग व बॉल बेअरिंगची ताकद तर दूरदूर असते. म्हणून दुकानात नंबर सांगून मागू नका, किलोत ताकद विचारा. पुडीवर पौंड छापले असतील तर ०.४५ ने गुणा: ५० पौंड म्हणजे साधारण २२ किलो. ज्या पुडीवर ताकदच छापलेली नाही, ती परत ठेवा. शे-दोनशे नगांचे मिश्र डबे ऑनलाइन मिळतात, त्यांवरचा आकडा घरी तपासल्याशिवाय खरा धरू नये.

किती ताकदीचा घ्यायचा? मुख्य लाइन जेवढ्यावर तुटते त्याच्या दीडपट तरी. छापलेली ताकद नव्या, कोरड्या नगाची आणि सरळ ओढीची असते. खारं पाणी, तिरका झटका आणि महिन्याभराचा वापर यांनी ती घटते. ड्रॅग (रीलचा ब्रेक) लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवला तर १२ किलोच्या लाइनवर ३ ते ४ किलोच ताण येतो हे खरं, पण लाइन कालवांत अडकली आणि तुम्ही हाताला गुंडाळून ओढलीत, तर पूर्ण १२ किलो त्या कडीवर पडतात.

तळाला गरवण्याचा एक हिशेब: मुख्य लाइन १२ किलो, गळाचा ट्रेस (स्विव्हल आणि गळ यांमधला लाइनचा तुकडा) ९ किलो, स्विव्हल २० ते २५ किलो. अडकलं तर ट्रेस तुटेल आणि फक्त गळ जाईल. चाळीस मीटर नायलॉन खाडीत राहणार नाही. खाडीत सुटलेल्या लाइनमध्ये पक्ष्यांचे पाय अडकतात, म्हणून हा हिशेब फक्त खिशापुरता नाही.

ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेल्या) लाइनबाबत एक धोका आहे. काही ब्रेडेड लाइन छापलेल्या आकड्यापेक्षा बऱ्याच जास्त ताणावर तुटते. तुम्ही २० पौंड समजून स्विव्हल लावता, प्रत्यक्षात लाइन ३० सोसते, आणि तुटतो स्विव्हल. ब्रेडेड वापरत असाल तर लाइनही तोलून बघा.

आणि उगाच मोठाही घेऊ नका. जड स्विव्हल आमिष तळाशी दाबतो, चमकतो, गाळात आधी रुततो. ताकद पुरते त्या आकारांत सगळ्यात लहान, असा नियम ठेवा. रंग काळा बरा. खाडीच्या गढूळ पाण्यात फरक पडत नाही, पण उरणच्या बाहेर निवळ पाण्यात वाकटी आणि सुरमई चकचकीत स्विव्हललाच तोंड घालतात आणि वरची लाइन कापतात.

धातू ओळखणं

बहुतेक स्विव्हल पितळेचे, वर निकेलचा मुलामा. चांगलं पितळ खाऱ्या पाण्यात एक-दोन हंगाम टिकतं. मग त्यातलं जस्त विरघळून जातं आणि सच्छिद्र तांबं उरतं: मुलामा उडालेल्या जागी पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला की समजा, ती कडी आता बिस्किटासारखी मोडेल. हलक्या मालात आत साधं पोलाद असतं. ते ओळखायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं. पितळ चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलची ओढलेली तार किंचित चिकटते, त्यामुळे स्नॅप हळूच चिकटला तर लगेच टाकू नका. पण स्विव्हल टपकन उडी मारून चुंबकाला बसला तर तो मुलामा दिलेलं पोलाद आहे. खाडीसाठी नको.

मिठाची परीक्षा याहून पक्की. १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारं पाणी झालं. प्रत्येक पुडीतला एक नग रात्रभर त्यात ठेवा, सकाळी न धुता बाहेर काढून वाळू द्या, रात्री पुन्हा बुडवा. असं चार दिवस. सतत बुडवून ठेवण्यापेक्षा ओलं-सुकं होण्याने धातू लवकर उघडा पडतो, आणि गरवताना होतंही तेच. लालसर डाग म्हणजे पोलाद. हिरवट डाग म्हणजे मुलामा पातळ, आतून पितळ दिसू लागलं. मुळाशी काहीच नाही आणि स्विव्हल अजून फिरतोय, तर पुडी ठेवा.

बादलीची परीक्षा

दहाच्या पुडीतले दोन नग यात खर्ची पडतात, पण उरलेल्या आठांवर विश्वास बसतो.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली, सामान तोलायचा ५० किलोचा हुक-काटा आणि खिडकीची भक्कम ग्रिल एवढं लागतं. ग्रिलला काटा अडकवा. काट्याच्या हुकाला १ मिमी जाड तंगुसाचा (नायलॉनच्या लाइनचा) दुहेरी फास, त्यात स्विव्हलची वरची कडी, खालच्या कडीत तसाच दुसरा फास आणि त्याला बादली. बादली जमिनीपासून १५ सेंमीपेक्षा वर नको, खाली जुनी गादी किंवा पायपुसणी. स्विव्हलभोवती टॉवेल गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. तुटलेली कडी गोळीसारखी उडते, हे हलक्यात घेऊ नये.

आधी फिरण्याची चाचणी. वरच्या फासाला कागदी चिकटपट्टीचं छोटं निशाण लावा. बादलीत ५ लिटर पाणी घाला आणि तिला हलकासा अर्धा फेरा द्या. बादली फिरते पण निशाण जागच्या जागी, तर स्विव्हल काम करतो. निशाणही बादलीबरोबर फिरलं, तर पीळ तुमच्या लाइनमध्ये जाणार. हातात चिमटीने फिरवून बघण्याला काही अर्थ नाही, कारण बिनताणाचा प्रत्येक स्विव्हल छान फिरतो.

मग ताकद. एक-एक मग पाणी वाढवत छापलेल्या ताकदीच्या निम्म्यावर या आणि १० मिनिटं थांबा. उतरवून कडी भिंगातून बघा. ती गोल होती आणि लंबगोल झाली असेल, किंवा पोटाच्या तोंडाशी फट पडली असेल, तर ती पुडी फक्त बोयीच्या कामाची. २० किलोच्या वर जायचं तर पाण्याऐवजी ओली रेती भरा. तोललेला नग पुन्हा वापरायचा नाही, तुटला नसला तरी.

शेवटी धार. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकले तर तिथे कंगोरा आहे. नायलॉन तो काही दिवस सोसेल, ब्रेडेड पहिल्या मोठ्या माशालाच तुटेल.

स्नॅप: इथे जास्त मासे सुटतात

स्विव्हल क्वचित तुटतो. स्नॅप मात्र उघडतो, आणि कारण बहुधा त्याच्या कुलपाच्या घडणीत असतं.

सेफ्टी पिनसारखा, पत्र्याच्या पातळ खोबणीत तार अडकणारा स्नॅप सगळीकडे मिळतो. सरळ ओढीत तो ठीक. पण मासा डोकं झटकतो तेव्हा ल्यूरची कडी घसरून तारेच्या बाजूवर येते, तार आत दबते, खोबणीतून निसटते, आणि मग तो निव्वळ एक वाकडी तार उरतो. जिताड्याला हा कधीच लावू नका.

कोस्टलॉकमध्ये तारेचं टोक आकड्यासारखं वळून तारेच्याच मुख्य दांडीला पकडतं. ताण वाढेल तसा आकडा आणखी घट्ट बसतो. जड शिसं आणि मोठा मासा यांना हाच योग्य. ड्युओलॉक एकाच तारेचा, दोन्ही टोकांनी उघडणारा आणि पुढून गोल. गोल नाकामुळे ल्यूर मोकळी हलते, म्हणून तो ल्यूरवाल्यांचा आवडता. क्रॉसलॉकमध्ये तारा एकमेकींना ओलांडून अडकतात. तो बाजूच्या झटक्याला चांगला टिकतो, फक्त ओल्या हातांनी उघडायला त्रास देतो. तो त्रास मी दोष मानत नाही.

दुकानातच वीस वेळा उघड-बंद करून बघा. विसाव्या वेळीही ‘टक्’ आवाज करून बसला तर तारेत स्प्रिंग आहे. हळूहळू सैल पडला, किंवा बंद केल्यावर टोक जागेवर नेण्यासाठी बोटाने दाबावं लागलं, तर सोडून द्या. घरी बादलीला लावा, पण दोन वेळा: एकदा सरळ, एकदा ओझ्याची कडी स्नॅपच्या बाजूच्या तारेवर सरकवून. नंतर तो कोऱ्या स्नॅपवर ठेवून बाह्यरेषा जुळते का बघा. केसभर फरकही पुढे वाढत जातो.

ल्यूरच्या नाकात स्नॅप सैल फिरला पाहिजे. तार जाड असून जेमतेम आत गेली तर ल्यूर अडते. आणि तरंगणाऱ्या किंवा डुलणाऱ्या ल्यूरला स्नॅपसकट स्विव्हल लावू नका: नाकावर वजन येऊन तिची चाल मरते. नुसता स्नॅप लावा. स्विव्हल हवाच असेल तर तो ४५ ते ६० सेंमी वर, ब्रेडेड आणि लीडर (मुख्य लाइनच्या टोकाला जोडलेला जाड लाइनचा तुकडा) यांच्यामध्ये. जिताड्यासाठी १५ किलोची ब्रेडेड, २० ते २५ किलोचा लीडर आणि किमान २५ किलोचा स्नॅप असा मेळ बसतो. इथे लीडर लाइनपेक्षा जाड आहे, कारण जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणं वस्तऱ्यासारखी धारदार असतात आणि त्यांचं घासणं सोसायला जाडी लागते. तुटायची वेळ आली तर वरची गाठ सुटते. स्नॅप सुटता कामा नये.

खाडीतली बांधणी

भरतीची ओढ सारखी नसते. सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासाला पाणी सगळ्यात जास्त धावतं, आणि उधाणाच्या दिवशी भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीच्या) दुप्पट जोर वाटतो. पाणी थांबलेलं असताना ४० ग्रॅम शिसं पुरतं, मधल्या तासांत ९० ते १२० लागतं. स्नॅप खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो इथे: शिशाला स्नॅप, गळाला गाठ. गळाच्या बाजूला स्नॅप लावून काही साधत नाही.

सरकत्या शिशाची बांधणी करताना क्रम असा: मुख्य लाइनवर शिसं, मग रबराचा किंवा प्लास्टिकचा मणी, मग रोलिंग स्विव्हल, मग ४५ ते ६० सेंमी ट्रेस आणि गळ. मणी विसरला तर प्रत्येक फेकीला शिसं गाठीवर हातोडीसारखं आदळतं. स्विव्हल शिशाच्या भोकापेक्षा मोठा हवा, नाहीतर तो आत घुसून अडकतो. अशा वेळी स्विव्हल वाढवण्याऐवजी मणी मोठा घ्या.

ओढ जास्त असेल तर तीन कड्यांचा स्विव्हल: एका कडीला मुख्य लाइन, दुसरीला ६० ते ९० सेंमी ट्रेस, तिसरीला ३० सेंमी तंगूस आणि शिसं. ट्रेस शिशाच्या तंगुसापेक्षा लांब ठेवला नाही तर दोन्ही एकमेकांत गुंततात. गाठी पक्क्या बांधून तिन्ही कड्या वेगवेगळ्या फिरतात का बघा. स्वस्त मालात दोनच फिरतात. खडकाळ तळावर शिशाचं तंगूस ५-६ किलोचं ठेवतात, म्हणजे अडकलं तर फक्त शिसं जातं. पण हे बोटीवरून किंवा जेटीवरून हळूच सोडण्यासाठी. जोरात फेकायचं असेल तर हा कमकुवत दुवा हवेतच तुटेल आणि १०० ग्रॅम शिसं जेटीवरच्या कुणाच्या डोक्यात जाईल. फेकीसाठी ढोबळ नियम आहे: दर २८ ग्रॅमला ४.५ किलो. म्हणजे १०० ग्रॅमला किमान १६ किलोचा लीडर, आणि शिशाचा स्नॅप त्याहून वरचा.

ऐरोली आणि वाशी पुलांमधला पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). त्या हद्दीत गळ टाकू नका.

गाठीचं थोडक्यात: नायलॉनला क्लिंच ५-६ वेढ्यांचा, ब्रेडेडला पॅलोमर किंवा ८ वेढ्यांची युनी. ब्रेडेडवर क्लिंच घसरतो. आवळण्याआधी गाठ ओली करा. स्नॅप-स्विव्हलमध्ये लाइन नेहमी स्विव्हलच्या कडीला, स्नॅप खालच्या बाजूला.

स्विव्हल लावूनही पीळ पडला तर

स्पिनिंग रीलवर मासा ड्रॅग ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलात, तर पीळ रीलमध्येच तयार होतो. गिअर ५:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला लाइनमध्ये पाच पीळ. यावर कोणताही स्विव्हल उपाय नाही. ड्रॅग सुटतोय तोवर हँडल थांबवा, रॉड उचला, खाली नेताना गुंडाळा. पडलेला पीळ काढायला सगळं कापून नुसती लाइन ओहोटीच्या धारेत ४०-५० मीटर सोडा, काही मिनिटं थांबा आणि दोन बोटांत धरून गुंडाळा.

स्विव्हल रॉडच्या शेवटच्या रिंगेवर आदळेपर्यंत कधी गुंडाळू नका. आतली सिरॅमिक कडी तडकते, आणि ती चीर नंतर दर फेकीला लाइन खरवडते. रिंगेपासून हातभर खाली थांबा.

परतल्यावर

वापरलेले स्विव्हल आणि स्नॅप कोऱ्यांच्या डब्यात टाकायचे नाहीत. मिठाचा एक थेंब सगळा डबा गंजवतो. नळाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवा, पाण्यातच कड्या फिरवा म्हणजे पोटातला गाळ निघेल, फडक्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण वाळवा. ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने डबा उघडला नाही तरी दमट हवा आत शिरते, म्हणून झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऑगस्टमध्ये बदला. मोठा मासा ओढलेला स्नॅप धुऊन वाळवला तरी पुन्हा लावू नका. तो पक्कडीने चपटा करून टाका, म्हणजे चुकून डब्यात परत यायचा नाही.